डब्यांची रांग

आमच्या गिरणीत माणसं थांबत नाहीत,
डबे थांबतात.
लाईन येते कधी दहाला, कधी रात्री दीडला,
म्हणून लोक दुपारीच डबा ठेवून वावरात जातात.
तायडेबाईंचा, झाकण चेपलेला.
मोईनभाईंचा पिवळा, मूळचा पेंटचा.
कुणाची नुसती पिशवी, ओळखीला वर कडुनिंबाची काडी.
मालक तिथं नसतो,
तरी पिशवीला कुणी पाय लावत नाही.
गोवर्धन ठोकळनं एकदा सरकवली होती.
बाया काही बोलल्या नाहीत,
त्याचं दळण होईस्तोवर
फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या.

लाईन नसते तेव्हा मी पोत्यावर बसून
लॅपटॉपची उरलेली बॅटरी जाळते.
आम्ही वीसेक जण, एकमेकांना न पाहिलेले,
कुणी अंजनगावचं, कुणी पुसदचं, एक निनाद जर्मनीत,
मिळून एक प्रोग्राम लिहितोय,
की ‘काहून’ लिहिलं तर फोननं
खाली लाल रेघ ओढू नये.
कुणी काय पाठवलं ते तपासून आत घ्यायचं,
हे काम माझ्याकडे.
म्हणजे दाराची किल्ली माझ्याकडे.

श्रावणात ‘पऱ्हाटी७’ नावाच्या कुणीतरी
चाळीस शब्द पाठवले.
चेहरा नाही, गाव नाही.
स्वल्पविराम गायब, आधीचे दोनशे शब्द पुसलेले.
मी दोन रात्रींची जागी होते.
(हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं.)
लिहिलं, सगळ्यांसमोर:
बह्याड आहेस का? फाईल उघडता येत नाही
तर हात कशाला लावतोस?
दोघांनी अंगठा दिला, एक हसला.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

सकाळी फाईल सांधताना
त्याच्या एकतिसाव्या शब्दाशी आले.
बह्याड.
समोर त्याच्या ऱ्हस्व-दीर्घासकट अर्थ:
वेडा. पन आपल्याच मानसाले म्हनाचं. म्हनतानी हासाचं.

बाबा मला म्हणतात तो शब्द.
चालत्या पट्ट्याजवळ हात गेला की
“बह्याडे, हात काढ!”
त्यात त्यांची उडी असते,
पापण्यांवरचं पीठ असतं,
आणि मग बराच वेळ ते बोलत नाहीत, तेही.
माझ्याकडून गेली ती नुसती चार अक्षरं.

मग निनाद म्हणाला, आपण वागण्याचे नियम लिहू.
अकरा झाले. चांगले आहेत.
चूक कामात दाखवा, माणसात नको.
नव्यानं विचारलं तर हसू नका.
मी बारावा घातला:
नसलेल्याच्या डब्याला पाय लावू नये.
एकानं विचारलं, डबा म्हणजे फोल्डर का?
मी समजावत बसले नाही. तो गळला.

जिथं बोलले होते तिथंच, त्याच ओळीखाली
लिहिलं: चुकलं माझं.
फाईल अर्ध्या तासात नीट झाली.
तुमचे शब्द घेतलेत, तुमच्या अर्थासकट, तुमच्या नावानं.
उरलेले असतील तर पाठवा, कसेही पाठवा.
अंगठेवाले दोघं गप्प होते.

पोळा झाला. वेचणी लागली.
उत्तर नाही.
कदाचित तो शेजारच्या गावचा असेल,
आपलं जवारीचं दळण इथंच आणत असेल,
आणि मी त्याला सुट्टे पैसे परत दिले असतील.
कदाचित ती असेल.
मी ‘लावतोस’ लिहिलं होतं,
तेही न विचारता.

आज लाईन पावणेदोनला आली.
सगळं दळून झालं, एक पिशवी उरली,
वर काडीसुद्धा नाही.
बाबांनी पट्टा उतरवला, हात झटकले.
“कोनाचं हाय थे?”
माहीत नाही.
“मंग ऱ्हाऊ दे तठीच. येईन थो.”